मोजेराव तिसऱ्या ग्रहावर

अंतराळयानात कपडे कोण धुतं, हा प्रश्न मी चारचौघांत विचारला आणि त्या दिवसापासून माझे ग्रह फिरले.

चारचौघं म्हणजे आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत अधूनमधून जमणारी मंडळी. त्या दिवशी विषय विज्ञानकथांचा होता. एक गृहस्थ प्रकाशाच्या वेगाबद्दल इतक्या संथपणे बोलत होते की दोघं जण उठून बाहेर चहा पिऊन आले तरी गृहस्थ त्याच वाक्यात होते. मी दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर माझी चार वर्षांची भुंगी. (हे तिचं खरं नाव नाही. सारखी गुणगुणत असते म्हणून भुंगी. खरं नाव आता फक्त लसीकरणाच्या कार्डावर उरलंय.) दाराजवळ अशासाठी, की ती रडली तर पळता यावं. आणि नाही रडली, तरी तिच्या नावावर पळता यावं. शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" असं झालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"मला विचित्र विज्ञानकथा फार आवडतात. एखादं शहर कंटाळून उठतं आणि दुसऱ्या नदीकाठी जाऊन बसतं, सावल्या संपावर जातात, असल्या. पण एक कळत नाही. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या यानात बसून कुठल्या कुठे जातात, तर त्यांचे कपडे कोण धुतं? वाळत कुठे घालतात? आणि ते एवढे हुशार संगणक, अख्खी पृथ्वी ताब्यात घेतात, त्यांना एकदाही कुणी 'दुसरा मोजा कुठाय' असं का विचारत नाही?"

मंडळी हसली. प्रकाशाच्या वेगाचे गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांच्यापर्यंत विनोद पोचायला वेळ लागत असावा. पहिल्या रांगेतल्या संपादकबाई मात्र मागे वळल्या. त्या एक मासिक काढतात. जाताना त्यांनी माझा दंड धरला.

"हेच लिहून द्या. विचित्र विज्ञानकथा, हे नवे बोलणारे संगणक, तुमची मतं. अभ्यासबिभ्यास काही नको. सहज लिहा. पुढच्या अंकाला."

सहज! ज्या ज्या गोष्टी माझ्या आयुष्यात कुणी 'सहज' म्हणून सांगितल्या, त्यांनी माझा घाम काढला आहे. सहज एक चक्कर मारून ये. सहज चार माणसं जेवायला येतायत. दुसरंही मूल होऊन जाऊ दे, सहज वाढतं पहिल्याबरोबर. तरीही मी हो म्हणाले. लग्नाआधी मी लिहायची. बरं लिहायची म्हणे. भुंगी झाल्यापासून मी लिहिलेलं सर्वांत दीर्घ वाक्य 'उद्या दूध एक पिशवी जास्त द्या' हे होतं, आणि तेही दूधवाल्याने वाचलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे कुणीतरी काहीतरी मागितलं होतं जे धुवून, शिजवून किंवा घडी घालून द्यायचं नव्हतं. हे मला लिहायचंच होतं. जीव गेला तरी चालेल, असं नाही म्हणत. जीव गेला तर भुंगीला दुपारी कोण झोपवणार?

तिथेच तर सगळी मेख होती.

माझ्या दिवसात हक्काचा म्हणावा असा एकच तास आहे, भुंगीच्या दुपारच्या झोपेचा. तो तास मिळवायला तिला गोष्ट सांगावी लागते आणि गोष्ट एकच चालते, मोजेरावाची. मीच कधीतरी घाईत रचलेली. मोजेराव हा एकटा राहिलेला मोजा. त्याचा जोडीदार धुलाईत हरवला आहे. म्हणून तो वॉशिंग मशीनमध्ये बसतो, गोल गोल फिरत आकाशात उडतो आणि ग्रहाग्रहांवर जोडीदाराला हाका मारत हिंडतो. पहिल्या ग्रहावर सगळी हरवलेली बटणं राहतात. दुसऱ्यावर पेनांची टोपणं. आणि तिसऱ्या ग्रहावर...

तिसऱ्या ग्रहावर काय आहे ते मला ठाऊक नाही, कारण तिथे पोचेपर्यंत मला झोप लागते. रोज. डोळे उघडतात तेव्हा ऊन खिडकीवरून भिंतीवर गेलेलं असतं, भुंगी माझ्या कुशीत गाढ असते, आणि कुकर, बादल्या, भिजवलेले कपडे सगळे एकदम माझ्याकडे बघत असतात. तास संपलेला असतो. असं आठवडाभर चाललं. माझ्या लेखाचं फक्त शीर्षक झालं होतं आणि तेही मला आवडत नव्हतं.

हे मी जेवताना बोलून दाखवलं आणि चूक केली. कारण त्या दिवशी नणंद आली होती.

माझी नणंद एका संगणक कंपनीत आहे. तिचं काम म्हणजे कंपनीने बनवलेली यंत्रं बाजारात जायच्या आधी वापरून बिघडवायची. हे काम करायचे तिला पैसे मिळतात. माझी मुलगी ते फुकट करते.

"वहिनी, अगं मग माझ्याकडे उपाय आहे की!" असं म्हणत तिने पर्समधून पावडरच्या डबीएवढी एक गोल पांढरी वस्तू काढली. "ही तुझा आवाज शिकते. शिकली की हुबेहूब तुझ्यासारखी बोलते. तू गोष्ट एकदा सांगून ठेव. ही रोज दुपारी सांगेल, तू बाहेरच्या खोलीत बसून लिही."

"म्हणजे माझी मुलगी डबीजवळ झोपणार?"

"तुझ्या आवाजाजवळ झोपणार. तुला विज्ञानकथा आवडतात ना? मग आता घरात आली तर तोंड का वाकडं?"

विज्ञानकथा आवडणं म्हणजे वाघ आवडण्यासारखं आहे. तो घरी यावा असं कुठे असतं?

"वापरून बघ," नवरा म्हणाला. तो कुठलीही गोष्ट दुसऱ्याने वापरून बघण्याच्या बाजूचा आहे.

डबीला आवाज शिकवायचा तर पुस्तकातलं काही वाचून दाखवायचं नाही, असं नणंदेने बजावलं. "वाचताना माणूस खोटं बोलतं. ही फ्रिजवर ठेव आणि विसरून जा. घरात जे बोलतेस तेच तिला ऐकू दे." म्हणून डबी फ्रिजवर बसली आणि ऐकू लागली. आठवडाअखेर तिने नणंदेच्या फोनवर प्रगतिपुस्तक पाठवलं. माझ्या बोलण्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द होता 'आलेच'. त्याखालोखाल 'थांब जरा' आणि 'हात धुतलेस?'

मी साहित्यात एम.ए. आहे. पहिल्या वर्गात.

"'आलेच' पहिलं?" नवरा म्हणाला. "आणि येत मात्र कधीच नाहीस."

ही बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू डबी बघायला आल्या, त्यांनी ती वास घेऊन पाहिली आणि सल्ला दिला, "रात्री कपाटात कोंडून ठेवत जा गं. आवाज शिकली, उद्या सही शिकेल." खाली तळमजल्यावर निवृत्त मास्तर राहतात. ते आले ते डबीसमोर चपला काढूनच उभे राहिले.

"अहो ताई, नमस्कार," ते डबीला म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "यंत्राशी अरेतुरे करू नये. पुढे राज्य त्यांचंच येणार. तेव्हा कोण कसं बोललं होतं ते त्यांच्या लक्षात असेल. मी माझ्या मिक्सरलासुद्धा अहो म्हणतो."

"आणि मिक्सर काय म्हणतो?"

"अजून काही नाही. पण नोंद ठेवत असेल."

हे मत मी लेखासाठी लक्षात ठेवलं. आतापर्यंत माझ्या लेखात दुसऱ्यांचीच मतं जमत चालली होती.

सासूबाईंनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा बाई. आम्ही सुना आणल्या, तुम्ही सुनेची कॉपी आणलीत."

आता गोष्ट सांगून ठेवायची म्हणजे तिला शेवट हवा. मी आयुष्यात पहिल्यांदा मोजेरावाचा शेवट ठरवायला बसले. चांगला ठरवला. तिसऱ्या ग्रहावर हरवलेले मोजे राहतात, तिथे जोडीदार भेटतो, दोघं एकमेकांत गुंडाळले जातात आणि घरी येऊन कपाटात निजतात. मला स्वतःला गहिवरून आलं. मी डबीला सगळं सांगितलं, डबीने ते माझ्या आवाजात परत म्हणून दाखवलं, आणि खोटं कशाला बोलू, तिने माझ्याहून चांगलं म्हटलं. मध्ये जांभई नाही. मध्ये 'ए, पाय खाली घे' नाही. नुसती गोष्ट. असा आवाज माझ्याकडे होता हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या दुपारी डबी भुंगीच्या उशाशी ठेवली. मी बाहेरच्या खोलीत कागद पुढे घेऊन बसले. पेनाचं टोपण काढलं. आतून माझा आवाज येत होता: "...आणि मोजेराव गोल गोल गोल फिरत वर निघाला." मी लिहिलं, 'विचित्र विज्ञानकथा मला का आवडतात?' आतून दुसरा ग्रह आला. मी लिहिलं, 'कारण'. आतून तिसरा ग्रह आला, जोडीदार भेटला, गोष्ट संपली. दारात भुंगी उभी.

"आई, ही गोष्ट चुकीची आहे."

"कुठे चुकली गं?"

"तिसऱ्या ग्रहावर."

"तिथे मोजे नसतात का?"

तिने मान हलवली, पण हो की नाही ते कळेना. "चुकीचीच आहे," एवढंच म्हणाली आणि टक्क जागी माझ्या मांडीवर येऊन बसली. 'कारण' तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी शेवट बदलला. तिसऱ्या ग्रहावर रुमाल ठेवले. चुकीचा. मग छत्र्या ठेवल्या. चुकीचा. मग जोडीदार भेटतच नाही असा एक शोकान्त शेवट केला, जरा आधुनिक. त्यावर भुंगीने डबी उचलून गादीखाली सारली. माझा लेखिकेचा स्वाभिमान दुखावला, तो वेगळाच. संपादकबाईंच्या आधी मला घरातच साभार परत मिळत होतं.

"गोष्टीत मुलगी घाल," काकूंनी सुचवलं. "मोज्यात काय जीव रमतो? मोज्याची मुलगी घाल."

"शेवट हळू आवाजात घ्या," मास्तर म्हणाले. "आणि ताईंना एकदा विचारून बघा. त्यांचंही काही मत असेल."

या सगळ्यात ज्यांना गोष्ट मनापासून आवडली त्या सासूबाई. भुंगीने टाकून दिलेली डबी त्यांनी आपल्या उशाशी नेली आणि दोन ग्रहांत घोरू लागल्या. गेली कित्येक वर्षं ज्यांना दुपारची झोप नव्हती त्या आता मोजेरावाशिवाय आडव्या होईनात.

"आई, तो माझाच आवाज आहे," मी जरा लाजत म्हटलं.

"असेल. पण ही सबंध दुपार गोड बोलते."

मी कागद घेऊन गॅलरीत गेले.

इथवर निभावलं असतं. पण डबीला नुसती गोष्ट सांगून समाधान नव्हतं. आठवडाभर फ्रिजवर बसून ती माझा आवाज शिकली होती, तसा माझा संसारही शिकली होती. घरात कुणी 'आई' म्हटलं किंवा दाराची घंटा वाजली की ती उत्तर द्यायची. आणि मी कामात असताना ज्या उत्तरांनी वेळ मारून नेते, तीच उत्तरं.

एका दुपारी मी गॅलरीत बसून खरोखरच अर्धं पान लिहिलं. इतकी शांतता होती की मला मी पूर्वीची मी वाटायला लागले. आत मात्र, हे नंतर कळलं, भुंगी म्हणाली होती, "आई, मी पाण्यात खेळू?" आणि डबी म्हणाली होती, "बरं, पण थोडाच वेळ." भुंगीने नळ सोडला. मग विचारलं, "आई, अजून?" डबी म्हणाली, "बरं, बघू." मी पान उलटलं तेव्हा मास्तर जिना चढून वर आले होते. त्यांच्या हातात भिजलेलं वर्तमानपत्र होतं आणि ते दारातून मला नव्हे, डबीला म्हणत होते, "अहो ताई, कृपा करून नळ बंद करा. माझ्या टेबलावर गळतंय."

"आलेच," डबी म्हणाली.

पाणी काढता काढता माझा घसा बसला. ओल्या कपड्यात तासभर आणि वर भुंगीला रागावले, ते निराळं. तिचं म्हणणं सरळ होतं, "मी तुला विचारलं, तू हो म्हणालीस." न्यायालयातही ती जिंकली असती.

दुसऱ्या दिवशी मी घशाचं औषध आणायला भुंगीला घेऊन बाहेर पडले. सासूबाई आत मोजेरावाच्या दुसऱ्या ग्रहावर. तेवढ्यात काकू माझ्या घशासाठी गरम सूपचं पातेलं घेऊन आल्या. घंटा वाजवली. आतून माझा आवाज, "आलेच." काकू उभ्या. पातेलं हाताला भाजतंय. पुन्हा घंटा. "थांब जरा, हात ओले आहेत." काकू पातेलं या हातातून त्या हातात घेत उभ्या. तिसऱ्या घंटेला डबी म्हणाली, "एक मिनिट गं, किती घाई करतेस!"

मी औषध घेऊन परत आले तर काकूंचं दार बंद. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. जिन्यात दिसल्या की भिंतीकडे बघायच्या. तिसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींकडून कळलं की काकू म्हणत होत्या, "तिचं एवढं काय महत्त्वाचं चाललं होतं आत, की माझी बोटं पोळली तरी दार उघडवेना? वर म्हणते, घाई करतेस! माझ्या निम्म्या वयाची!" मी ताबडतोब काकूंचा हात धरून त्यांना माझ्याच दाराबाहेर उभं केलं आणि माझ्याच घराची घंटा वाजवली.

"आलेच," आतून मी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा माझ्या बंद तोंडाकडे पाहिलं. "बाई गं!" म्हणून खाली पायरीवरच बसल्या. सावरल्यावर मात्र म्हणाल्या, "ऐक ना, मला मिळेल का गं एक? आमच्या ह्यांना दिवसभर नुसतं 'हो, ऐकतेय' म्हणायला हवंय. मी तेवढी सुटेन."

त्या दिवशी मी ठरवलं, हा आवाज पुसून टाकायचा. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, सोपं आहे, कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लाव, आवाजावरून ओळख पटवतात आणि पुसतात. मी लावला. पलीकडून एका यंत्राने सांगितलं, "कृपया म्हणा: माझा आवाज हीच माझी ओळख."

मी म्हटलं. म्हणजे माझ्या घशातून जे काही निघत होतं त्यात म्हटलं. बेडकाला सर्दी झाली तर साधारण तसं निघेल.

"आपला आवाज जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा."

पुन्हा केला. आल्याचा चहा पिऊन केला. खुर्चीवर उभी राहून केला, का ते मला सांगता येणार नाही. जुळला नाही. नवरा म्हणाला, "डबीलाच म्हणायला लाव." मी नाइलाजाने फोन डबीजवळ धरला. डबीने गोड, स्वच्छ आवाजात ते वाक्य म्हटलं.

"स्वागत आहे," पलीकडचं यंत्र खूश होऊन म्हणालं. "आपली ओळख पटली."

मग एक माणूस फोनवर आला. माझ्या आयुष्यात मी इतकी अपमानित कधी झाले नाही.

"बोला मॅडम."

"मला माझा आवाज पुसायचाय," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"आपण कोण बोलताय?"

"मी. खातेदार."

"मॅडम, खातेदार आत्ताच बोलल्या. नोंद आहे इथे. पुसायची विनंती त्यांनीच करावी लागते. जरा त्यांना फोन देता का?"

"अहो, मी माणूस आहे. ती डबी आहे."

"मी समजू शकतो मॅडम. पण आवाज त्यांचा जुळतो."

एवढ्यात भुंगीने "आई!" अशी हाक मारली आणि डबी म्हणाली, "थांब जरा, हात ओले आहेत."

"हरकत नाही मॅडम," तो माणूस एकदम मऊ आवाजात म्हणाला, "सावकाश या. मी थांबतो." आणि खरंच थांबला. माझ्यासाठी कुठल्याही कचेरीत कुणी असं थांबल्याचं मला आठवत नाही.

मी फोन ठेवला, पंख्याखाली बसले आणि थोडं रडले. लेख अर्ध्या पानावर होता. अंक पुढच्या आठवड्यात छापायला जाणार होता. माझा तास गेला होता, घसा गेला होता, आणि कागदोपत्री माझ्या घरात माझ्याहून जास्त मी असलेली एक डबी होती. इतक्या विज्ञानकथा वाचल्या, त्यांतली यंत्रं शहरं जिंकतात, तारे विझवतात. एकानेही असं केलं नव्हतं की बाईची ओल्या हातांची सबब उचलावी आणि तिच्या जागी मान मिळवावा.

दुपार झाली. भुंगी उशी घेऊन आली. मी घशावर बोट ठेवून खुणेने सांगितलं, आज गोष्ट नाही.

"मग तू झोप," ती म्हणाली. "मी सांगते."

ती माझ्या उशाशी मांडी घालून बसली आणि सांगू लागली. पहिला ग्रह, बटणं. दुसरा ग्रह, टोपणं. शब्द माझेच, सगळे जागच्या जागी. मध्येच तिने "ए, पाय खाली घे" असंही म्हटलं. ते गोष्टीतलंच आहे अशी तिची समजूत आहे. मग ती थांबली.

"आता तिसरा ग्रह," ती हळू आवाजात म्हणाली. "इथे तू झोपायचंस."

"का?" माझा आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलले.

"असं काय करतेस? रोज झोपतेस ना? तू झोपलीस की माझी पाळी. पुढचं मी सांगते मोजेरावाला. तू घोरतेस, आम्ही हळू बोलतो." आणि मग कपाळाला आठ्या घालून, इतके दिवस मला समजत नव्हतं ते समजावल्यासारखं, "ती डबी झोपतच नाही आई. सारखी बोलते. मग मी कधी सांगू?"

इतके दिवस मला वाटायचं, माझा तास मी झोपेत घालवते. तो वाया जात नव्हता. माझ्या शेजारी बसून कुणीतरी तो वापरत होतं.

"मग शेवट काय होतो?" मी कसंबसं विचारलं.

"झोप आधी. मगच होतो."

मी डोळे मिटले. शपथेवर सांगते, नाटक म्हणून मिटले. आज काहीही झालं तरी जागं राहायचं आणि शेवट ऐकायचाच, असं मी पक्कं ठरवलं होतं. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, जरा चिकट होता, आणि कुजबुजली, "मोजेराव, हळू हं. आई झोपली." मग कसलंतरी दार उघडलं, बहुतेक वॉशिंग मशीनचं, आणि कुणीतरी कुणालातरी म्हणालं की...

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवर होतं. भुंगी माझ्या कुशीत गाढ.

उठल्यावर मी तिला विचारलं. पायात बूट घालता घालता ती म्हणाली, "उद्या सांगेन." अगदी माझ्यासारखंच.

सासूबाई दारातून हे बघत होत्या. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पायात चपला. "हिला मी आजपासून रोज बागेत नेतेय," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीपर्यंत येत नाही. तुझं ते काय आहे ते लिही." दारापर्यंत जाऊन मागे वळल्या. "दुपारी तू झोपत जा. चांगली दिसतेस झोपलेली. आणि ती डबी पुसायची नाही हं, सांगून ठेवते. मला दुपारी लागते."

म्हणून डबी अजून आहे. फक्त सासूबाईंच्या खोलीत, दार लावून. घंटेवर आम्ही मास्तरांच्या सूचनेवरून एक पाटी लावली आहे: 'आतून आलेच असं ऐकू आल्यास पुन्हा वाजवावी.' मदतकेंद्रातून मधूनमधून फोन येतो, खातेदार मोकळ्या झाल्या का म्हणून. मी सांगते, त्यांचे हात ओले आहेत.

संध्याकाळी रोज, रिकाम्या घरात, मी लेख लिहिला. त्यात माझं एकच मत आहे, बाकी सगळी शेजाऱ्यांची आहेत. मत असं, की मी वाचलेल्या साऱ्या विचित्र विज्ञानकथांत यंत्रं बोलायला शिकतात, प्रेम करायला शिकतात, राज्य करायला शिकतात. गोष्टीच्या मधोमध झोपी जायला एकही शिकत नाही. आणि तोवर त्यांच्या हाती मूल देण्यात अर्थ नाही. पुढे मोजेरावाची गोष्टही लिहिली, दोन ग्रहांपर्यंत.

संपादकबाईंचा फोन आला.

"लेख छान झालाय. पण शेवट कुठाय हो?"

"तो माझ्या मुलीकडे आहे."

"मग तिच्याकडून घ्या की! सहज विचारा."

"ती सांगते हो," मी म्हटलं. "रोज दुपारी सांगते. ऐकायला मी जागी नसते."